घरी शिकवायचं म्हणताय? आधी कागद, मग पाढे

लग्नकार्यात भेटलेला प्रत्येक माणूस मुलाला पहिला प्रश्न विचारतो, "कितवीत आहेस रे?" माझा धाकटा अकरा वर्षांचा आहे आणि या प्रश्नाचं खरं उत्तर त्याच्याकडे नाही. गणित तो सातवीचं करतो, शुद्धलेखनात चौथीच्या चुका करतो, आणि साताऱ्याभोवतीच्या किल्ल्यांचा विषय निघाला की समोरच्यालाच पळ काढावा लागतो. "पाचवीत धरा," असं तो आता सांगतो आणि पंगतीकडे सटकतो.

"याला घरीच शिकवलं तर?" हा विचार ज्यांच्या मनात येऊन गेलाय, पण कुणापुढे बोलायची चोरी झालीय, अशा आईबाबांसाठी हे लिहितेय. आम्ही सहा वर्षं हे करतोय. थोरलीला दुसरीनंतर शाळेतून काढलं. धाकटा शाळेत गेलाच नाही. थोरली मात्र आठवीला स्वतःहून शाळेत परत गेली, त्याबद्दल पुढे सांगते. आधीच एवढं सांगून ठेवते की हा निर्णय बाहेरून जितका न परतीचा वाटतो, तितका तो नाही. दार दोन्ही बाजूंनी उघडतं. हे कळेपर्यंत मी दोन वर्षं उगीच घाबरण्यात घालवली.

भीतीची सुरुवात कायद्यापासून होते, म्हणून तिथूनच सुरू करू. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. त्याआधी आणि त्यानंतर मूल कुठे शिकतंय, याच्याशी या कायद्याला देणंघेणं नाही. त्यातलं कलम १० म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे. हे वाचलं की पोटात गोळा येतो. पण कर्तव्य पाळलं नाही तर पालकाला दंड किंवा कैद, असं या कायद्यात कुठेही नाही. होमस्कूलिंग हा शब्दही त्यात नाही. म्हणजे परवानगी नाही, शिक्षाही नाही. देशभरात हजारो कुटुंबं या मधल्या जागेत राहतात. ती जागा पक्क्या डांबरी रस्त्यासारखी नाही, पायवाटेसारखी आहे. वहिवाट आहे, पण सातबाऱ्यावर नोंद नाही.

हा कायदा तुमच्या मागे लागण्यासाठी झालेला नाही, हेही लक्षात ठेवा. आईबाप फडावर ऊस तोडायला गेल्यावर कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत बसणारी मुलगी, हॉटेलात कपबशा विसळणारा पोरगा, यांच्यासाठी तो आहे. मुलीला घरकामाला ठेवून "ती घरीच शिकते" म्हणणारे लोक आहेत, म्हणून कायदा सक्तीची भाषा बोलतो आणि त्याने ती बोलायलाच हवी. दरवर्षी शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण होतं. आमच्या दारातही गुरुजी आले. मी वह्या दाखवल्या, मुलाने स्वतः उत्तरं दिली, चहा झाला. अशा वेळी कलमं तोंडावर फेकू नयेत. तो माणूस ऊन-पावसात त्याचं काम करतोय, आणि त्याचं काम चांगलं आहे.

एका बाबतीत मात्र कायद्याला दात आहेत. पाच-सहा कुटुंबं एकत्र आली, एक खोली भाड्याने घेतली, शिक्षिका ठेवली आणि रोज दहा ते तीन मुलं बसवायला लागली, की त्याला विनामान्यता शाळा म्हणता येतं. त्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. आठवड्यातून दोनदा मुलं एकत्र जमून प्रयोग करणं वेगळं आणि फीचं पावतीपुस्तक छापणं वेगळं. उत्साहात ही रेघ ओलांडली जाते.

आता परतीचं दार. याच कायद्याचं कलम ४ सांगतं की सहा वर्षांवरचं मूल शाळेत गेलेलं नसेल, तर त्याला त्याच्या वयानुसार योग्य वर्गात घ्यायचं आणि मागे पडलेल्या भागासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं. वर्षाच्या मध्येच आला म्हणून किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. राज्यात पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा असते, त्यामुळे सहावीत किंवा त्यापुढे परतताना तेवढी तयारी करून घ्यावी लागते. तुम्हाला हवी ती नावाजलेली शाळा जागा देईल की नाही, याची हमी कुणीच देणार नाही. पण जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची शाळा दार बंद करू शकत नाही. थोरली तशीच गेली. वयाने आठवीची, म्हणून आठवीत.

मग येतो दुसरा प्रश्न, जो सासूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी विचारला, "आणि दहावीचं काय?"

दहावीचे रस्ते तीन-चार आहेत. सर्वांत मळलेला म्हणजे एनआयओएस, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. ती १९८९ सालापासून आहे, केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखाली येते आणि पुण्यात तिचं विभागीय केंद्र आहे. दहावीच्या प्रवेशासाठी १४ वर्षं पूर्ण लागतात. आठवी पास असल्याचा कागद नसेल, तर "मी या अभ्यासक्रमापुरतं शिकलो आहे" असं स्वतःचं लेखी निवेदन चालतं. हे वाक्य मी पहिल्यांदा माहितीपुस्तिकेत वाचलं, तेव्हा तीनदा वाचलं. पाच विषय निवडायचे, त्यात किमान एक भाषा हवी. दहावी मराठी माध्यमातूनही करता येते. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिलच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुमारास. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्यात नऊ वेळा बसता येतं. म्हणजे पाचही विषय एका दमात द्यायलाच हवेत असं नाही. आधी चित्रकला आणि मराठी, सहा महिन्यांनी गणित, असंही चालतं. ज्या मुलाला परीक्षेच्या नावानेच घाम फुटतो, त्याच्यासाठी हा केवढा फरक आहे!

दुसरा रस्ता आपल्या राज्य मंडळाचा, ज्याला सगळा महाराष्ट्र "१७ नंबरचा फॉर्म" म्हणून ओळखतो. खासगी विद्यार्थी म्हणून तो भरायचा आणि शाळेतल्या मुलांसारखीच दहावी-बारावी द्यायची. पूर्वी शाळा मध्येच सुटलेल्यांसाठी तो आहे, त्यामुळे त्याला शाळा सोडल्याचा दाखला मागतात. अजिबात शाळेत न गेलेल्या मुलासाठी म्हणून तो अडचणीचा होतो. तिसरा रस्ता महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाचा. ते २०१९ पासून सुरू आहे आणि पाचवी, आठवीच्या पातळीवरही परीक्षा घेतं. मधेमधे एखादा सरकारी शिक्का हातात असला की ज्यांना झोप लागते, त्यांनी हा बघावा. मीही त्यातलीच आहे. केंब्रिजसारख्या परदेशी मंडळाची परीक्षा खासगी विद्यार्थी म्हणून देता येते. ती चांगली आहे आणि खर्चिक आहे. आम्ही तिच्या वाटेला गेलो नाही.

एनआयओएसच्या दहावीवर अकरावीला प्रवेश मिळतो, बारावीवर जेईई देता येते. नीटच्या वेळी २०१८ साली मुक्त विद्यालयाच्या मुलांना वगळणारी अट आली होती, ती दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली. पण अशी अट एकदा येऊ शकली, हे विसरू नका. दरवर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, दुसऱ्याच्या सांगण्यावर राहू नका. परीक्षा केंद्रही महाराष्ट्रातलंच निवडा, कारण पुढे राज्याच्या कोट्यातून प्रवेश घेताना दहावी-बारावी कुठून केली, हे विचारलं जातं.

२०१६ साली मुंबईच्या एका मुलीची बातमी गाजली होती. सातवीच्या सुमारास आईने तिला शाळेतून काढलं होतं. दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं, पण प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधली तीन पदकं होती. बारावी नाही म्हणून आयआयटीचं दार बंद, आणि अमेरिकेतल्या एमआयटीने मात्र तिला घेतलं. ही बातमी आजही व्हॉट्सअॅपवर फिरते आणि ती पाठवणाऱ्याला वाटतं की आपण मला धीर देतोय. मला ती उलट वाचता येते. तीन आंतरराष्ट्रीय पदकं असलेल्या मुलीलाही इथे कागदाने अडवलं. माझ्या मुलाकडे पदक नाही, किल्ल्यांची वही आहे. तेव्हा दहावी करायची, मुकाट्याने.

कागदांमध्ये सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते शाळा सोडल्याच्या दाखल्याकडे. त्यावर जन्मतारीख असते, जन्मठिकाण असतं, जात असते. जातीच्या दाखल्यासाठी आणि पुढे पडताळणीसाठी शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद हा मोठा पुरावा धरतात. ज्यांना आरक्षणाचा लाभ मिळणार आहे, त्यांनी मुलाला शाळेतून काढण्याआधी रजिस्टरमधलं नाव, जात, तारीख नीट लिहिलीय ना, हे डोळ्यांनी बघावं. मूल शाळेत गेलंच नसेल, तर वडिलांचे, आजोबांचे दाखले आत्ताच शोधून ठेवावेत. शाळेत दाखला मागताना कारण विचारतात. मी "घरी शिकवणार" असं सांगितलं, तर समोरच्या बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. भांडण करू नका. परत यावं लागलं तर याच काउंटरवर यायचंय.

आता शिकवण्याकडे येऊ. खरं तर इथेच सुरुवात करायची माझी इच्छा होती, पण कागदाची भीती मनात असेपर्यंत पुढचं काही ऐकूच येत नाही, हे मला माहीत आहे.

"आम्हाला कुठे शिकवता येतं?" ही जी शंका असते, ती शाळेचा दिवस डोळ्यांपुढे ठेवून आलेली असते. तो दिवस एकदा मोजून बघा. वर्गात ४० मुलं, तास ३५ मिनिटांचा. हजेरी, फळा पुसणं, "गप्प बसा रे" यांत काहीच वेळ गेला नाही असं धरलं, तरी एका मुलाच्या वाट्याला बाईंचं लक्ष मिनिटभरही येत नाही. यात बाईंचा दोष नाही, हा साधा भागाकार आहे. घरी मात्र एका मुलाजवळ वीस मिनिटं बसलात, तर तो फार मोठा वेळ असतो. प्राथमिकच्या वयात बसून करायचा अभ्यास दिवसाला दीड-दोन तासांच्या पुढे आमच्याकडे कधी गेला नाही. उरलेल्या वेळाचं काय करायचं, ही खरी कसोटी असते.

पहिल्या वर्षी मी ती सपशेल हरले. वेळापत्रक केलं, भिंतीवर लावलं, सकाळी साडेआठला देवघरातली घंटा वाजवून "तास" सुरू करायचे. नवरा म्हणाला, "देवाला वाटत असेल आरती आहे." थोरली तिसऱ्या दिवशी रडली, मी पाचव्या दिवशी. मग एका अनुभवी बाईंनी सांगितलं की शाळेत जितकी वर्षं गेली, निदान तितके महिने मुलाला नुसतं राहू द्या. शाळा अंगातून उतरायला वेळ लागतो, आणि मुलाआधी ती तुमच्या अंगातून उतरायला हवी. तेव्हा ती बाई मला आळशी वाटली होती. थोरली तीन महिने झोपली, चित्रं काढली, मांजरामागे फिरली. चौथ्या महिन्यात तिनेच विचारलं, भागाकार बाकी ठेवून सोडून का द्यायचा, पुढे का नाही न्यायचा?

धाकट्याचं शेकडेवारी शिकणं विजेच्या बिलावर झालं. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटना एक दर असतो, १०१ ते ३०० ला त्याहून चढा आणि पुढे आणखी चढा. हे कळल्यावर त्याची समजूत अशी झाली की १०१वं युनिट पडलं रे पडलं की सगळं बिलच वरच्या दराने येणार. महिनाअखेरीला तो घरभर पंखे बंद करत फिरू लागला. त्यात आजीचाही पंखा होता, दुपारी दोनला, एप्रिलमध्ये. घरात महाभारत झाल्यावर आम्ही बिल घेऊन बसलो. वरचा दर फक्त वरच्या युनिटना लागतो, हे त्याने जुन्या बारा बिलांवरून स्वतः ताडून पाहिलं. मग स्थिर आकार आला, वहन आकार आला, वीज शुल्क १६ टक्के आलं, आणि १६ टक्के नेमके कशाचे, यावर चार दिवस गेले. आलेख काढला तर तो सरळ रेषेत येईना, १०० वर मोडला. तो का मोडतो, हे त्याला समजलं तेव्हा तो दहा वर्षांचा होता. मी बी.कॉम. आहे, मला ते त्याच्याबरोबरच नीट समजलं.

अशा दिवसांसोबत पाढे पाठ करून घेण्याचे कंटाळवाणे दिवसही असतात. तेही हवेत. माझ्या सासऱ्यांनी त्याला पावकी, निमकी, दिडकी शिकवली आणि गिरणीत दळणाचे पैसे तो गिरणीवाल्याच्या आधी सांगतो. साहित्याला फार पैसे लागत नाहीत. बालभारतीची सगळी पुस्तकं संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. "किशोर" मासिक १९७१ सालापासून निघतंय आणि त्याचे जुने अंकही तिथे वाचायला मिळतात. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आहे. गाण्याच्या, तबल्याच्या परीक्षा गांधर्व महाविद्यालय मंडळाकडून देता येतात, त्यांना शाळा लागत नाही. शिष्यवृत्ती परीक्षा आणि शालेय क्रीडा स्पर्धा मात्र शाळेमार्फतच असतात, त्या हुकतात. धावणारी-खेळणारी मुलगी असेल तर जिल्हा संघटनेच्या वयोगटाच्या स्पर्धा शोधा.

घरी शिकणं ही काही परदेशातून आलेली फॅशन नाही, हे नातेवाइकांना सांगायला पंडिता रमाबाई उपयोगी पडतात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या आईने, लक्ष्मीबाईंनी, लेकीला शिकवलं. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला "पंडिता" म्हटलं. पण याच काळातली दुसरी गोष्टही मी सांगते. आनंदीबाई जोशींनाही घरीच शिकवलं गेलं, आणि त्या काळात पती गोपाळरावांनी त्यांना मारलं, हे आनंदीबाईंनीच पत्रात लिहून ठेवलंय. घरची शाळा म्हणजे मायेचीच शाळा असं गृहीत धरू नका. शाळेतल्या मुलाला बाई रागावल्या तर घर असतं. घरीच बाई रागावल्या तर त्याने कुठे जायचं? ज्या दिवशी माझा आवाज चढतो, त्या दिवशी पुस्तक मिटायचं, हा आमच्याकडचा नियम आहे. तो मुलांनी केला आहे.

"चार मुलांत मिसळणार कसं?" हा प्रश्न ऐकून मला पूर्वी राग यायचा. आता वाटतं, यात तथ्य आहे. लहान वयात अडचण येत नाही, गल्लीत मुलं असतात. अकरा-बारानंतर मात्र सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत गल्ली रिकामी असते. शाळा, मग क्लास, मग गृहपाठ. माझ्या मुलांना मोकळा वेळ होता आणि खेळायला कुणी नव्हतं. पुण्या-मुंबईत होमस्कूलिंगची कुटुंबं महिन्यातून जमतात, "स्वशिक्षण" नावाची देशपातळीवरची संघटनाही आहे. साताऱ्यात आम्हाला आमच्यासारखी दोनच घरं सापडली. तालीम, ढोलपथक, ट्रेकिंगचा ग्रुप असं आठवड्यात दोन ठिकाणी नेमाने जाणं आम्ही सुरू केलं, पण थोरलीला ते पुरलं नाही. तिला रोज भेटणारी मैत्रीण हवी होती, डबा वाटून खाणारी. ती म्हणाली, "आई, मला शाळेत जायचंय, तुझं काही चुकलं म्हणून नाही." मी दोन दिवस रुसले, मग दप्तर आणलं. ती आता नववीत आहे. पहिल्या चाचणीत वेळ पुरला नाही, दुसऱ्या चाचणीत पुरला.

कुणी करू नये, हेही सांगते. दोघंही सकाळी नऊला बाहेर पडून रात्री आठला येत असाल आणि घरात दुसरं मोठं माणूस नसेल, तर नको. एकाच्या मनात असेल आणि दुसऱ्याच्या नसेल, तर नको; त्या ओढाताणीत मूल दोरी होतं. सगळं शिकवणं आईवर, शिवाय स्वयंपाक आईवर आणि बाबा फक्त फेसबुकवर अभिमान वाटून घेणार, असं असेल तर आईने आधीच हात वर करावेत. आमच्याकडे विज्ञान, स्वयंपाक आणि मंगळवार-शुक्रवार नवऱ्याकडे आहेत. एका पगाराचं गणितही आधी मांडा. फी वाचते हे खरं, पण एका माणसाची कमाई निम्मी होते, ती वाचलेल्या फीपेक्षा बरीच जास्त असते. आणि मार्चमध्ये, निकालाच्या किंवा फीच्या रागात, हा निर्णय घेऊ नका. राग जूनपर्यंत टिकला तर बघा.

एवढं सगळं वाचूनही मन मागे येत नसेल, तर करा. एक वर्ष धरून करा, दहा वर्षं धरून नको. मुलाला विचारा, आणि त्याने नाही म्हटलं तर ते नाहीच धरा. मे महिन्यात दाखला घ्या. एक साधी वही घाला, रोज संध्याकाळी चार ओळी लिहा. आज काय वाचलं, कुठे गेलो, कशावर अडलं, तारखेसह. सर्वेक्षणाला गुरुजी आले, शाळेत परत घालायचं झालं, किंवा फेब्रुवारीत "आपण वर्षभर काहीच केलं नाही" असं वाटून तुम्हीच रात्री दोनला जागे झालात, तर ही वही उपयोगी पडते. जन्मदाखल्याच्या चार साक्षांकित प्रती काढून ठेवा. आणि पुढच्या लग्नात "कितवीत?" असं कुणी विचारलं, तर उत्तर मुलालाच ठरवू द्या. आमच्याकडे परवा "सध्या किल्ल्यात आहे" असं देऊन झालं.